आजोबांचं बदनाम स्पॅनिश पिस्तूल वारशात आलं तर काय करायचं: पाटण तालुक्यातल्या एकाचा अनुभव

अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं देवघराच्या खालचा कप्पा उघडला आणि फडक्यात गुंडाळलेलं ते पुढं केलं, म्हणाली हे आता तुझं. तुझं म्हणजे काय तुझं, मला तेव्हा एवढंच माहीत होतं की घरात आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, काळापासून एक पिस्तूल आहे आणि लहानपणी त्या कप्प्याला हात लावला की पाठीत धपाटा बसायचा. त्यानंतर ते कायदेशीर माझ्या नावावर व्हायला जवळपास वर्ष गेलं, त्यातले चार महिने निव्वळ माझ्या चुकीनं. सातारा-सांगलीकडं फौजी घरं भरपूर, आणि अशी जुनी हत्यारं कपाटात पडून असलेलीही भरपूर. मला दोन-तीन जणांनी फोन करून हेच विचारलं म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

आधीच सांगतो, मी वकील नाही, गनस्मिथ (हत्यारं दुरुस्त करणारा कारागीर) नाही, शाळेत शिकवतो.

आधी हे काय आहे ते समजून घ्या

आमचं पिस्तूल ‘रुबी’ जातीचं. बत्तीस बोअर (नळीचं माप), मॅगझिनमध्ये (मुठीत बसणारा गोळ्यांचा डबा) नऊ गोळ्या, हॅमर (गोळी उडवायला ठोका देणारा भाग) आत लपलेला. आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर होऊन आले आणि १९५८ साली कोल्हापुरात १७५ रुपयांना घेतलं, पावती अजून आहे. दुकानदारानं त्यांना चांगलं वेब्लीचं रिव्हॉल्व्हर पण दाखवलं होतं म्हणे, पण ते परवडलं नाही. त्यामुळं आमच्या घरी आलं ते दुकानातलं सगळ्यात स्वस्त.

स्वस्त का होतं ते मला फार नंतर कळलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला हत्यारं कमी पडली तेव्हा त्यांनी स्पेनमधल्या एबार गावच्या गाबिलोंदो नावाच्या कारखान्याला ऑर्डर दिली, १९१५ मध्ये महिन्याला १०,००० पिस्तुलं, पुढं तो आकडा ३०,००० वर गेला. एका कारखान्याला एवढं कुठलं झेपतंय, म्हणून आजूबाजूच्या डझनावारी कारखान्यांना काम वाटलं. डिझाइन ब्राउनिंगच्या १९०३ च्या मॉडेलवरून उचललेलं, पण लोखंड कुठं मऊ कुठं कडक, आणि पार्ट हातानं घासून बसवलेले, त्यामुळं एका कारखान्याचं मॅगझिन दुसऱ्याच्या पिस्तुलात नीट बसत नाही. सेफ्टी तर इतकी ढिली व्हायची की कमरेच्या कातडी पाकिटातून बाहेर काढताना आपोआप निघायची, म्हणून पुढं स्लाइडच्या (वरचा मागं-पुढं सरकणारा भाग) डाव्या बाजूला एक मोठा गोल उंचवटा बसवायला लागले, पाकिटाचं कातडं सेफ्टीला घासू नये एवढ्यासाठीच. आमच्यावर तो उंचवटा नाही. म्हणजे आमचं त्याच्याही आधीचं.

युद्ध संपलं, फ्रान्सची ऑर्डर संपली, आणि रुबीचं उत्पादनही फार वर्षं टिकलं नाही. गाबिलोंदोनं पुढं ‘लामा’ नावानं बरी पिस्तुलं काढली, ते नाव आपल्याकडच्या हौशी लोकांना माहीत असतं. रुबीचं नाव काढलं की मात्र जाणकार माणूस नाक मुरडतो. माझं आजोळ आपशिंगे मिलिटरी, साताऱ्याजवळचं फौजी गाव, तिथल्या स्तंभावर पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचा उल्लेख आहे. ते स्मारक मी शेकडो वेळा बघितलंय. आमच्या कपाटातली वस्तू त्याच युद्धासाठी घाईघाईनं ठोकून काढलेली आहे हे कळल्यावर मात्र जरा वेगळं वाटलं.

आता गंमत बघा, बाहेरच्या देशात रुबी म्हणजे सगळ्यात स्वस्त जुन्या पिस्तुलांपैकी. आपल्याकडं १९८० च्या दशकात सामान्य माणसासाठी आयात जवळपास बंद झाली, त्यामुळं ‘मेड इन स्पेन’ असा शिक्का दिसला की इथला माणूस त्याला सोनं समजतो. माझा एक चुलतभाऊ “इंपोर्टेड आहे रे, लाखात जाईल” म्हणत दोन दिवस मागं लागला होता. लाखात जाईल का ते सोडा, भरवसा ठेवण्यासारखं आहे का ते बघा. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

१. पहिल्या आठवड्यातच जमा करा

लायसन माणसाच्या नावावर असतं, घराच्या नावावर नाही. अण्णा गेले त्या क्षणी ते पिस्तूल आमच्या घरात विनापरवाना झालं. हे कुणालाच पटत नाही, “अहो घरचंच आहे, लायसन आहे की” असं म्हणतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणं असं हत्यार विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसनधारक शस्त्र विक्रेत्याकडं जमा करायचं असतं. विनापरवाना बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं झालीय, त्यामुळं वर्षश्राद्ध होऊ दे मग बघू असलं काही करू नका.

कसं जमा करायचं तर आधी ठाण्यात फोन करा किंवा रिकाम्या हातानं जाऊन सांगा. थेट पिशवीत घालून एसटीनं निघू नका. मी पोलीस पाटलांना घेऊन गेलो, ते बरं पडलं. सोबत मृत्यू दाखला, अण्णांचं मूळ लायसन, माझं आधार. गोळ्या पण मोजून सगळ्या द्या, आमच्याकडं अकरा निघाल्या, त्यातल्या चार हिरव्या पडलेल्या.

पावती घेताना तीन गोष्टी वाचून घ्या: हत्याराचा नंबर, बोअर, आणि गोळ्यांची संख्या. मॅगझिन किती ते पण लिहून घ्या. मी सही करून आलो आणि घरी येऊन बघतो तर मॅगझिनचा उल्लेखच नाही, दुसऱ्या दिवशी परत पंधरा किलोमीटर.

जमा करायच्या आधी एक काम. कातडी पाकिटात ठेवून देऊ नका. कातडं कमावताना वापरलेलं मीठ आणि आम्ल त्यात राहिलेलं असतं, ते ओल धरतं आणि लोखंड खातं. आमच्या पट्ट्यात कोयनेचा पाऊस, जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओला होतो. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री असेल तरच बाहेरून हलका तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात गुंडाळा. खात्री नसेल तर हात लावू नका, ठाण्यात सांगा, ते बघतील.

२. नंबर जुळवा (माझे चार महिने इथं गेले)

आबांच्या मूळ लायसनच्या पुस्तकात नंबर शाईनं लिहिलेला, तिथून अण्णांच्या लायसनवर उतरवला, तिथून कॉम्प्युटरवर चढला. पिस्तुलावर ठोकलेला नंबर ८ नं संपतो, कागदावर सगळीकडं ३. कुणीतरी साठ वर्षांपूर्वी गंजलेला ८ तीन म्हणून वाचला आणि पुढं सगळ्यांनी कागद बघून कागद लिहिला. मी पण तेच केलं. अर्जात कागदावरचा नंबर टाकला, पोलीस पडताळणीत प्रत्यक्ष हत्यार तपासलं तेव्हा फरक निघाला आणि फाईल परत आली. चूक माझीच, जमा करतानाच नीट बघायला पाहिजे होतं.

म्हणून हे करा: पावती होते त्याच वेळी ठाणे अंमलदारांच्या समोर, त्यांच्या परवानगीनं, नंबरचा मोबाइलवर फोटो काढा. रुबीवर फ्रेमच्या (स्लाइडखालचा सांगाडा) डाव्या बाजूला मागं एका अंड्याच्या आकारात दोन अक्षरं असतात, तो कारखान्याचा शिक्का. म्हणजे ‘जीयू’ असेल तर गाबिलोंदो, ‘एए’ असेल तर दुसराच कारखाना. मॅगझिनच्या तळाशी पण बघा, तिथं तीच अक्षरं असतील तर मॅगझिन मूळचं. हे दोन्ही टिपून ठेवा, पुढं कामाला येतं. लायसनवर मेकच्या रकान्यात आमच्याकडं नुसतं ‘स्पॅनिश’ लिहिलं होतं, एका ओळखीच्यांच्या लायसनवर तर ‘ब्राउनिंग’ लिहिलंय आणि हत्यार भलतंच. फरक दिसला तर लपवू नका, अर्जासोबतच दुरुस्तीचा वेगळा अर्ज आणि फोटो जोडा.

आणि एक, बोलताना पिस्तुलाला ‘घोडा’ म्हणू नका. आमच्याकडं गप्पा मारताना सगळे म्हणतात, पण ऑफिसात तो शब्द ऐकला की समोरचा चष्मा काढून बघायला लागतो.

३. “शंभर वर्षं जुनं आहे, लायसन लागत नाही” हे डोक्यातून काढा

हे मला कमीत कमी सहा जणांनी सांगितलं, त्यात एक रिटायर सुभेदार. कायद्यात पुराणवस्तूला सूट आहे हे खरं, कलम ४५, पण ती अशा हत्याराला की जे दुरुस्त करून सुद्धा चालणार नाही. तोड्याची बंदूक, आतून गंजून एकजीव झालेली. रुबीला लागणारी बत्तीसची गोळी आजही दुकानात मिळते. म्हणजे ते चालतं, म्हणजे लायसन लागतं. वयाचा संबंध नाही.

४. वारसांचं आधी मिटवा

शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसांना लायसन देण्याची सोय आहे. मृत्यूनंतर वारसाला मिळू शकतं, आणि लायसनधारक जिवंत असतानाही, त्याचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडं असलं की तो आपल्या वारसाच्या नावानं द्या म्हणू शकतो. हे आम्हाला आधी माहीत असतं तर अण्णा असतानाच सगळं झालं असतं. तुमच्या घरात कुणी सत्तरी ओलांडलेलं असेल तर आजच बोला, बोलायला जड जातंय मान्य आहे.

बाकी वारसांची ना हरकत लागते. आमच्याकडं आई, मी, दोन बहिणी. बहिणींना पिस्तूल नको होतं, पण थोरल्या ताईच्या सासरी कुणीतरी डोक्यात घातलं की सही केली तर शेतीतला हक्क जाईल. मग मी प्रतिज्ञापत्रात वकिलांकडून स्पष्ट एक ओळ घालून घेतली की ही ना हरकत फक्त या हत्यारापुरती आहे, इतर मिळकतीशी संबंध नाही. ताईनं ती ओळ स्वतः दोनदा वाचली आणि मग सही केली. तुम्ही पण घाला, भांडण वाचेल.

आणि तुमच्या नावावर आधीच दोन हत्यारं असतील तर हे तिसरं घेता येणार नाही. २०१९ पासून मर्यादा दोनच, वारशानं आलं तरी.

५. कागदपत्रं

मला ही लागली, तुमच्याकडं एखादं कमीजास्त होईल, कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत जाऊन आधी यादी मागून घ्या:

- नमुना ए-१ मधला अर्ज (ऑनलाइन भरून प्रिंट)
- मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा
- बाकी वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं
- अण्णांचं मूळ लायसन, त्यातला यूआयएन नंबर (लायसनधारकाचा सरकारी नोंदीतला ओळख नंबर)
- हत्यार जमा केल्याची पावती
- जन्मतारखेचा पुरावा (वय २१ पूर्ण पाहिजे), पत्त्याचा पुरावा, फोटो
- शारीरिक आणि मानसिक तब्येतीचं वैद्यकीय प्रमाणपत्र
- हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र
- शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र
- हत्यार कशासाठी पाहिजे त्याचं कारण

शेवटच्या दोन गोष्टींवर लोक अडकतात. प्रशिक्षण म्हणजे नुसता कागद असं समजून मी गेलो होतो, पण शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच तासात मला गार केलं. त्यांनी पिस्तूल हातात दिलं, म्हणाले रिकामं कर. मी स्लाइड मागं ओढली, गोळी बाहेर पडली, मग ऐटीत मॅगझिन काढलं आणि झालं म्हणालो. ते हसले, स्लाइड परत ओढली, आतून दुसरी गोळी बाहेर पडली. (डमी होत्या.) स्लाइड ओढल्यावर मॅगझिनमधली पुढची गोळी आत चढलीच होती. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड, मग आत डोळ्यानं बघायचं, मग बोटानं चाचपायचं. हा क्रम मी आता झोपेत पण सांगीन.

कारणाच्या रकान्यात सिनेमासारखं लिहू नका. “शत्रूंपासून जीवाला धोका” लिहिलं की धोका कोण, तक्रार केली का, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) कुठंय, हे सगळं आलं. मी खरं तेच लिहिलं: आजोबांपासून घरात असलेलं लायसनचं हत्यार, वारशानं जतन करायचं आहे, घर वस्तीपासून लांब शेतात आहे.

६. अर्ज आणि पोलीस पडताळणी

अर्ज एनडीएएल-एएलआयएस या सरकारच्या शस्त्र लायसनच्या पोर्टलवर भरायचा, मग प्रिंट आणि कागद जिल्हादंडाधिकारी म्हणजे कलेक्टर ऑफिसला. आम्हाला पाटणवरून सातारा म्हणजे अख्खा दिवस. पोवई नाक्यावर उतरायचं, आणि एक कागद विसरला की दिवस गेला, म्हणून प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स आणि मूळ कागद वेगळ्या फोल्डरला. वेळ उरला तर कंदी पेढे घ्या, घरी आई विचारतेच काय झालं, निदान हातात काहीतरी असतं.

यूआयएन नसलेलं जुनं पुस्तक असेल तर ते लायसन आता ग्राह्य धरत नाहीत, तिथं आधी विचारून घ्या पुढं कसं जायचं ते.

मग अर्ज पोलिसांकडं जातो. नियमात पोलीस रिपोर्टला ३० दिवस आहेत. ठाण्यातून फोन येतो, शेजाऱ्यांचे जबाब होतात, तुमच्यावर केस आहे का, दारू पिता का, घरात भांडणं आहेत का. शेजारच्या बांधावरनं आमचं जुनं थोडं वाजलेलं आहे, मी ते स्वतःच सांगितलं, कारण ते गावात कुणीही सांगणारच होतं. हत्यार कुठं ठेवणार ते पण बघितलं, तेव्हा माझं लोखंडी कपाट आलेलं नव्हतं, “आणणार आहे” म्हणालो, ते “आणल्यावर सांगा” म्हणाले. कपाट आधी आणा.

नाकारलं तर लेखी कारण मागा. ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडं, आपल्याला म्हणजे पुण्याला, अपील करता येतं. आमच्यावर ती वेळ आली नाही.

लायसन हातात आलं की क्षेत्र बघा. जिल्हा लिहिलंय की महाराष्ट्र. नुसता जिल्हा असेल तर पुढची पायरी अडते, कारण चांगला गनस्मिथ तुमच्या जिल्ह्यात असेलच असं नाही.

७. पहिली गोळी झाडायच्या आधी गनस्मिथ

इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात. पिस्तूल हातात आलं की कधी एकदा रेंजवर नेतो असं होतं. थांबा.

मी लायसनधारक कारागिराकडं नेलं, वय सत्तरच्या आसपास, डोळ्याला भिंग लावून बसलेले. पिस्तूल हातात घेऊन त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “कुणाचं?” म्हणलं आजोबांचं. “मग ठेवा जपून,” एवढंच. मग रिकामं आहे ते दोनदा बघितलं. सेफ्टी लावली. ट्रिगर दाबला, काही झालं नाही. मी मनात म्हणलं, बघा, चांगलं आहे की. ट्रिगर सोडला. मग त्यांनी नुसती सेफ्टी काढली, बोट ट्रिगरच्या आसपास पण नव्हतं, आणि आतून ‘टक्’ आवाज आला.

हॅमर पडला होता. आत गोळी असती तर सुटली असती, भिंतीत नाहीतर कुणाच्या तरी पायात.

त्यांनी उघडून दाखवलं. हॅमरला अडवून धरणारा जो छोटा तुकडा असतो, सिअर, त्याची धार गोल होऊन गुळगुळीत झालेली, जुन्या विळ्याच्या मुठीसारखी. सेफ्टी नुसती ट्रिगरला अडवते, हॅमरला नाही, आणि ती पण झिजलेली. म्हणजे आबा आणि अण्णा दोघंही साठ वर्षं “सेफ्टी लावलीय” या भरवशावर झोपले. स्लाइडची स्प्रिंग पण बसलेली होती. या पिस्तुलात स्लाइडला कुलूप नसतं, तिचं वजन आणि ती स्प्रिंग एवढ्यावरच सगळं, त्यामुळं स्प्रिंग मेली की प्रत्येक गोळीला स्लाइड फ्रेमवर आदळते आणि मऊ लोखंडाला तडा जाऊ शकतो.

स्प्रिंग बदलून मिळाली. सिअर त्यांनी नवा करून बसवला, पण कागदावर लिहून दिलं की चेंबरमध्ये (नळीच्या मागचं गोळीचं घर) गोळी ठेवून बाळगण्यालायक नाही. तो कागद मी लायसनच्या फोल्डरमध्येच ठेवलाय.

इथले सापळे:

गावातल्या लोहाराला किंवा लेथवाल्याला पार्ट करायला सांगू नका. कितीही हुशार असू दे, लायसन नसताना हत्यार दुरुस्त करणं हा त्याचाही गुन्हा आणि तुमचाही. आणि कडकपणा चुकला की पुन्हा तीच ‘टक्’.

जादा मॅगझिन आंधळेपणानं घेऊ नका. मला एका दुकानदारानं “रुबीचंच आहे, बिनधास्त घ्या” म्हणून एक विकलं. वर गेलं, खटका पण लागला, पण अर्धा मिलिमीटर खाली बसायचं आणि प्रत्येक तिसरी गोळी तोंड वर करून अडकायची. तळाशी अक्षरं दुसऱ्याच कारखान्याची होती. परत घेतलं नाही.

घरी कधीही नुसता ट्रिगर दाबून खेळत बसू नका, आणि पाडून बघू का चालतं का असलं तर अजिबात नाही.

८. गोळ्या: दोन बत्तीस असतात

हे नीट वाचा. लायसनवर ‘.३२’ एवढंच लिहिलेलं असतं, पण बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हरची गोळी वेगळी आणि बत्तीस बोअर पिस्तुलाची वेगळी. रिव्हॉल्व्हरची लांब, नळकांडं २३ मिलिमीटरच्या आसपास, मागं ठळक काठ. पिस्तुलाची आखूड, १७ मिलिमीटर, काठ अगदी बारीक. आपल्याकडं बत्तीसचं सरकारी रिव्हॉल्व्हर जास्त खपतं म्हणून काउंटरवरचा पोरगा सवयीनं तीच डबी पुढं करतो. “पिस्तुलाची, सेवन पॉइंट सिक्स फाइव्ह” असं स्पष्ट म्हणा आणि डबी उघडून बघा.

‘केएफ’ शिक्का असलेल्या गोळ्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातल्या. पूर्वी तो ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाखाली होता, २०२१ मध्ये बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, आता म्युनिशन्स इंडियाकडं आहे. मी त्याच वापरतो.

आबांच्या जुन्या गोळ्या वापरू नका. हिरव्या तर नाहीच, चकचकीत दिसणाऱ्या पण नाही. गोळी फुसकी गेली आणि डोकं नळीत अडकलं, मागून दुसरी झाडली, तर नळी फुटते. झाडताना आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर लगेच थांबा.

मॅगझिन भरताना वरच्या गोळीचा काठ खालच्या गोळीच्या काठाच्या पुढं राहिला पाहिजे. मागं गेला तर दोन्ही एकमेकीत गुंततात आणि हातानं सुटत नाहीत. आमचं मॅगझिन नऊचं, मी पाचच भरतो, गनस्मिथनंच सांगितलं.

एका वेळी किती आणि वर्षाला किती गोळ्या घ्यायच्या ते लायसनवर असतं. खरेदीची नोंद, झाडलेल्यांची नोंद, दोन्ही वहीत. रिकामी नळकांडी टाकू नका, डबीत ठेवा. हिशोब विचारला तर तोंडी सांगण्यापेक्षा डबी पुढं केलेली बरी.

९. घरात कसं ठेवायचं

पिस्तूल रिकामं, कुलपात. गोळ्या दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नाहीत. माझा पोरगा आठवीत आहे आणि आमच्या लहानपणी देवघराखालच्या कप्प्याला कुलूपच नव्हतं, हे आठवलं की आता घाम फुटतो.

पाकीट वेगळं ठेवा, वर सांगितलंच. कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या टाका, मी बुटाच्या खोक्यातल्या गोळा करून ठेवल्यात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पुसायचं, बोटांचे ठसे राहिले तर तिथंच आधी गंज धरतो. तेल थेंबभर. अण्णा शिवणयंत्राचं तेल ओतायचे, ते आत घट्ट होऊन काळं डांबर झालं होतं, गनस्मिथला ते खरवडायलाच तास लागला.

कमरेला लावून मिरवू नका. सार्वजनिक जागी न्यायचंच असेल तर झाकलेलं पाहिजे. लग्नात, वरातीत, यात्रेत अजिबात नाही. आनंदात हवेत गोळी झाडली तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि या पिस्तुलाच्या बाबतीत तर हवेत झाडायला जाल आणि कुठं सुटेल याचा नेम नाही.

मला विचारतात मग उपयोग काय याचा. खरं सांगायचं तर रक्षणासाठी शून्य. रात्री शेतात खुडबूड झाली तर मी बॅटरी आणि काठी घेतो, आणि ११२ लावतो. वर्षातून एकदा रेंजवर पाच गोळ्या, बास. घरातली बाकीची माणसं जुनी तलवार दसऱ्याला पुजतात तसं आम्ही हे खंडेनवमीला बाहेर काढतो, आई हळदकुंकू लावते, मी संध्याकाळी ते पुसून काढतो कारण कुंकवानं पण डाग पडतो.

तुम्हाला खरंच रक्षणाला हत्यार पाहिजे असेल तर हे ठेवू नका. परवानगी काढून विक्रेत्याला द्या, त्याला जे येतील ते घ्या आणि आतल्या सिअरची गोष्ट विकताना सांगा. ठेवायचंच नसेल आणि विकायचंही नसेल तर सरकारजमा करता येतं.

१०. तारखा

लायसनची मुदत आता पाच वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी. मी मोबाइलवर ९० दिवस आधीचं रिमाइंडर लावलंय आणि कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी पण.

हरवलं, चोरीला गेलं तर त्याच दिवशी पोलिसात, शोधून बघू म्हणत बसू नका. घर बदललं तर पत्ता कळवा.

आणि निवडणूक. आचारसंहिता लागली की लायसनची हत्यारं जमा करायचा आदेश येऊ शकतो. विधानसभा, लोकसभा, झेडपी, आमच्याकडं काही ना काही चालूच असतं. नोटीस आली की वाद घालू नका, माझ्यावर एकही केस नाही वगैरे सांगायची जागा वेगळी असते. तेल लावून, फडक्यात गुंडाळून, मॅगझिनसकट नोंद करून पावती घ्या. निकाल लागला की आपणहून आणायला जा, कुणी फोन करत नाही. गेल्या वेळी मी कामात विसरलो आणि दोन महिन्यांनी गेलो तर मुद्देमाल कारकून म्हणाले, “गुरुजी, आम्हाला वाटलं दिलं की काय सोडून.” पावती शोधायला तासभर गेला, ती ताईच्या ना हरकतीच्या मागं चिकटलेली होती.